ऋणनिर्देशातलं नाव

कोंडाबाई हे तिचं खरं नाव नाही. खरं नाव मी एकदा छापलं, आणि त्याचं काय झालं तेच सांगायला बसलेय, म्हणून आता ती गेल्यावरसुद्धा ते लिहिणार नाही. गाव देवणीकडचं, एवढं पुरे. बाकीचीही नावं बदलली आहेत, माझंसुद्धा. माझं खरं ठेवलं असतं तर माझ्यावरून बाकीचे ओळखू आले असते. एवढी अक्कल आता आली आहे, वरातीमागून घोडं.

तर मला सिंधु बिरादार म्हणा. नांदेडच्या एका कॉलेजात एकवीस वर्षं समाजशास्त्र शिकवते. तोंडाची फटकळ आहे, ते पोरांना पहिल्याच आठवड्यात कळतं. पीएच.डी.ला बसलेल्यांना संशोधन आणि प्रकाशनातली नीतिमूल्यं असा एक पेपर असतो, तो मीच शिकवायचे. दुसऱ्याचं वाक्य उचलायचं नाही, आकडे मनानं भरायचे नाहीत, ज्यानं माहिती दिली त्याला धक्का लागू द्यायचा नाही. हे फळ्यावर लिहून, खाली दोन रेघा ओढून शिकवायचे. शेजारच्या वर्गात ऐकू जाईल इतक्या आवाजात.

आपल्याकडच्या परिषदा ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना सांगते. दहाचं उद्घाटन साडेअकराला होतं. शाली, बुके, स्वागतगीत, मग बीजभाषण. जेवणानंतर निबंधवाचन, एकेकाला तीन मिनिटं, त्यातलं दीड मिनिट आयोजकांचे आभार मानण्यात जातं. निम्मे लोक काही न वाचताच प्रमाणपत्र घेऊन चारची एसटी गाठतात. पण पुस्तक मात्र निघतं, शंभर-सव्वाशे निबंधांचं, जाडजूड. घरी गेल्यावर जो तो अनुक्रमणिकेत आपलं नाव शोधतो, पान बघतो आणि पुस्तक कपाटावर टाकतो. दुसऱ्याचा निबंध कुणी वाचत नाही. मी एवढी बेफिकीर राहिले ती त्याच भरवशावर, असं आता वाटतं.

सादिया माझ्याकडं पीएच.डी. करणारी पाचवी मुलगी. वडील जिलानीभाई, त्यांचं इतवाऱ्यात बुक बाइंडिंगचं दुकान. नांदेडात ज्यांनी ज्यांनी प्रबंध लिहिले त्यातल्या कितीतरी जणांचे जिलानीभाईंनी बांधलेत. काळं रेक्झीन आणि त्यावर सोनेरी अक्षरं. माझ्या विद्यार्थ्यांचं नाव नि विषय काय छापायचं याची चिठ्ठी मी स्वतःच्या हातानं लिहून द्यायचे, दुसऱ्यावर मला भरवसा नाही. पंधरा वर्षं ते माझ्या अक्षरावरून अक्षरं जुळवत आले. लेकीच्या प्रबंधासाठी त्यांनी हैदराबादहून मरून रंगाचं रेक्झीन आणून वरच्या फळीवर गुंडाळून ठेवलं होतं. मी दुकानात गेले की दर वेळी बोट दाखवायचे आणि म्हणायचे, मॅडम, ये सादिया का.

विषय मीच तिला दिला होता. शेतकरी घरातल्या बायका बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाला सोडून देतात, त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. बहीण भावासोबत तालुक्याला जाते, रजिस्ट्री ऑफिसात फोटो काढून घेते, अंगठा देते, बाहेर येऊन चहा पिते आणि संपतं. भांडण नाही, आवाज नाही. मीसुद्धा दिलंय, उदगीरला, माझ्या भावाला, हसत हसत, प्राध्यापक असून. बदल्यात काय मिळतं विचाराल तर माहेर मिळतं. पंचमीला बोलावणं, दिवाळीला साडी आणि मेल्यावर अंगावर घालायला माहेरचं लुगडं. आमच्याकडं बाई गेली की माहेरची माणसं लुगडं घेऊन येईपर्यंत तिला उचलत नाहीत. लुगडं नाही आलं तर तिच्या मागं कुणी नव्हतं असं गाव बोलतं, आणि बायका ते बोलणं जिवंतपणीच मनाला लावून घेतात.

सादियानं चाळीस बायकांशी बोलायचं ठरवलं. देवणीकडं तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं. आठवडी बाजारात कोंडाबाई भेटली, आणि शहरातली एकटी पोरगी कुठं राहणार म्हणून तिला आपल्या घरी घेऊन गेली. आठ दिवस ठेवून घेतलं. बाई चौसष्टची, नवरा म्हातारा नि कानानं बहिरा, एक मुलगा, सून. पहिले तीन दिवस सादियानं विषय काढला की कोंडाबाई एवढंच म्हणायची की माझ्या भावानं मला काही कमी केलं न्हाई. चौथ्या दिवशी तूर निवडता निवडता आपणहून बोलली. भाऊ भुजंग पीक विम्याचा कागद आहे म्हणून तालुक्याला घेऊन गेला होता. तिथं तिचा फोटो काढला. विम्याला फोटो कशाला लागतो, हे तिला तिथंच कळलं. तरी तिनं अंगठा दिला.

तिचे शब्द सादियानं जसेच्या तसे उतरवून घेतले होते. "चार एकर गेलं तर जाऊ दे. भांडले असते तर माहेर गेलं असतं. आता मी मेले की माझं लुगडं तरी येईल."

मग सादियानं संमतीचा कागद पुढं केला, तर बाई हात मागं घेऊन बसली. अंगठा आता कुठंच द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. सादियानं जबरदस्ती केली नाही. तुझं नाव कुठं येणार नाही, गावाचंही येणार नाही, असा शब्द दिला. निबंधात तिला सतरा नंबर दिला. खऱ्या नावांची यादी दोघींकडंच होती, सादियाकडं आणि मार्गदर्शक म्हणून माझ्याकडं.

२०२३च्या फेब्रुवारीत लातूरला परिषद होती आणि तिथल्या पुस्तकाच्या संपादक मंडळात मी होते. सादियाचा निबंध आला तेव्हा मी तो एका बैठकीत वाचून काढला. काय सांगू, पोटच्या पोरीनं पहिला नंबर काढावा तसं वाटलं. सतरा नंबरच्या बाईच्या घरी आपण आठ दिवस राहिलो, तिच्यासोबत तूर निवडली, हे तिनं अभ्यासपद्धतीत प्रामाणिकपणे लिहिलं होतं, नाव-गाव न घेता. पण शेवटी ऋणनिर्देशात काय, तर सर्व महिलांचे आभार. एक ओळ. मी तिला बोलावून घेतलं आणि खडसावलं. म्हणाले, आठ दिवस ज्या घरी भाकरी खाल्लीस, त्या बाईचं नाव घ्यायला जीभ जड झाली का? खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माझी विद्यार्थिनी नको. ती हळूच म्हणाली की आपण शब्द दिलाय. मी म्हणाले, शब्द मुलाखतीपुरता दिलाय. आभाराला काय होतं?

ती गप्प बसली. मला ते गप्प बसणं कबुलीसारखं वाटलं. पण दुरुस्त होऊन आलेल्या प्रतीत पुन्हा तीच एक ओळ. माझं डोकंच फिरलं. लातूरच्या डीटीपीवाल्याकडं शेवटची प्रुफं द्यायची होती. त्या दिवशी मी कोरा कागद घेतला आणि माझ्या हातानं ऋणनिर्देश लिहिला. देवणी तालुक्यातील अमुक गावच्या श्रीमती अमुक यांनी संशोधिकेला आठ दिवस आपल्या घरी आश्रय दिला, लेकीप्रमाणे जेऊ घातलं, त्यांचे ऋण शब्दांत व्यक्त करता येणार नाहीत. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. लिहिताना माझे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू. जिचं नाव सातबाऱ्यावरून पुसलं गेलं तिचं नाव निदान पुस्तकात तरी येऊ दे, असं माझ्या मनात होतं. तो कागद प्रुफांच्या शेवटी जोडून दिला. सादियाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, मी मार्गदर्शक होते.

त्याच पुस्तकात शिवम नावाच्या एका पोराचाही निबंध होता. लातूरच्या एका कॉलेजात एम.ए. करत होता. शिवम हा भुजंगचा मुलगा. चारचौघांसारखं त्यानंही पुस्तक घरी नेलं, आपलं नाव दाखवलं आणि पानं चाळताना त्याला आत्याचं नाव दिसलं. त्याला आनंदच झाला. आत्याचं नाव पुस्तकात आलं म्हणून त्यानं अख्ख्या घराला मोठ्यानं वाचून दाखवलं, पानाचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मग आत्याकडं राहून या बाईनं लिहिलं तरी काय, म्हणून मागची पानं वाचायला घेतली. तीही मोठ्यानंच. सतरा नंबरच्या बाईच्या घरी आठ दिवस राहिल्याचं त्यात होतंच. भाऊ बहिणीचा अंगठा विम्याच्या नावाखाली घेतो, इथपर्यंत आला आणि मग थांबला, असं पुढं मला कळलं.

एप्रिलमध्ये कोंडाबाई माझ्या दारात उभी राहिली. सुनेला घेऊन उदगीरहून एसटीनं आली होती. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. सुनेनं नाव सांगितलं. मी सादियाला फोन करून बोलावून घेतलं. तोवर बाई खुर्चीवर बसेना, खाली भिंतीला टेकून बसली. तिला दम लागत होता. सुनेनं सांगितलं की उदगीरच्या डॉक्टरनं हृदय मोठं झालंय म्हणून सांगितलंय, जड काम बंद केलंय, आणि महिनाभरापासून भुजंगमामांनी फोन घेणंही बंद केलंय. पाडव्याला साखरेची गाठी आली नाही. आजवर एकही वर्ष चुकली नव्हती.

सादिया आली. तिला बघून म्हातारीनं हात पसरले, सादिया जाऊन तिच्या कुशीत बसली. मला वाटलं होतं, आता शिव्या बसतील. त्या बसल्या असत्या तर बरं झालं असतं. कोंडाबाईनं फक्त सांगितलं की भुजंगनं तिला एकदाच विचारलं, असं बोललीस का नाही. ती नाही म्हणाली. मग तो म्हणाला, नाही बोललीस तर त्या पोरीकडून तसं लिहून आण.

मी घाईघाईनं म्हणाले, मी लिहून देते. नाव नजरचुकीनं छापलं गेलं, ती बाई दुसरीच आहे, असं कॉलेजच्या कागदावर सही करून देते.

कोंडाबाईनं मान हलवली. मग म्हणाली, "नाव चुकलं म्हणलं तर गोष्ट खरी ऱ्हाती की, बाई. गोष्टच खोटी पाह्यजे."

मला समजायला वेळ लागला. सादियाला लागला नाही. ती उठली, माझ्या टेबलावरून कागद घेतला आणि खाली बसून लिहायला लागली. उत्तरदाती क्रमांक सतरा यांची मुलाखत मी घेतलेली नाही. सदर मजकूर मी माझ्या मनानं लिहिला. मी तिच्या हातातला पेन धरला. म्हणाले, पोरी, तुला कळतंय का काय लिहितेस? हे कुणाच्या हातात गेलं तर तुझं सगळं काम बाद होईल, एकट्या सतरा नंबरचं नाही, चाळीसच्या चाळीस बायकांचं. जूनमध्ये प्रबंध द्यायचाय. चार वर्षं गेलीत तुझी.

तिनं मान वर केली. डोळे भरलेले होते, पण आवाज साफ होता. "तुम्हीच शिकवलंय, मॅडम. माहिती देणाऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही."

माझा हात आपोआप सुटला. तिनं लिहून पूर्ण केलं, सही केली. मग भुजंगनंच सांगून पाठवलेला दुसरा कागद सुनेनं पिशवीतून काढला. त्यावर लिहिलेलं होतं की मी असं काही बोलले नाही, ही पोरगी माझ्या घरी नुसती पाहुणी म्हणून राहिली होती. खाली जागा सोडलेली. जिनं संमतीच्या कागदाला अंगठा दिला नव्हता, त्या बाईनं माझ्या घरात, माझ्या शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर उठवला. पदराला बोट पुसलं. जाताना सादियाच्या तोंडावरून हात फिरवला नि म्हणाली की माझ्यापायी तुझं काही वाईट झालं तर देव मला माफ करायचा न्हाई. सादिया म्हणाली, माझं काही होत नाही, आज्जी. तिला खोटं बोलता येतं हे मला त्या दिवशी दिसलं.

भुजंगनं कागद घरात ठेवला असता तर प्रश्न नव्हता. त्यानं तो गावाच्या ग्रुपवर टाकला, परिषद भरवणाऱ्या कॉलेजला पाठवला आणि विद्यापीठालाही पाठवला. गावाला तो पटायला काही वेळ लागला नाही. पोरगी परकी, शहरातली, त्यात दुसऱ्या धर्माची, तिनं आमच्या घरात भांडण लावायला लिहिलं असेल, असं ठरून गेलं. जी माणसं तिला ताक पाजत होती तीच असं बोलून राहिली होती. पंचमीला भुजंग जीप घेऊन बहिणीला न्यायला आला. सुनेनं मला फोन करून कळवलं की आत्याबाई झोका खेळल्या, दम लागत होता तरी खेळल्या.

सप्टेंबरात चौकशी समिती बसली. आदल्या दिवशी सादिया मला येऊन सांगून गेली की तुम्ही काही बोलायचं नाही. समितीसमोर बोललेलं कागदावर येतं, कागद फिरतो, आणि परत सगळं गावात जातं. तिचं बरोबर होतं. मी बोलायचं नाही असं आम्ही ठरवलं, आणि मी बोलले नाही. तिथं चार माणसं होती, त्यातले दोघे माझ्याच परिषदांना येऊन शाली घेऊन गेलेले. माहिती बनावट आहे का, विचारलं. सादिया हो म्हणाली. मार्गदर्शकांना कल्पना होती का, विचारलं. ती नाही म्हणाली. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडं बघत होते. मी कोंडाबाईसाठी गप्प बसले हे खरं. पण ती नाही म्हणाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं. जळो माझं जिणं, पण वाटलं. तिची नोंदणी रद्द झाली. मला यापुढं दक्ष राहण्याची समज देणारं एक पत्र आलं.

सादिया धर्माबादला एका खाजगी शाळेत शिकवायला लागली. सकाळच्या गाडीनं जाते, संध्याकाळी येते. घरीही तिनं खरं सांगितलं नव्हतं. अब्बांच्या पोटात काही राहत नाही, दुकानात अख्खं नांदेड येतं, म्हणाली. म्हणजे जिलानीभाईंनाही हेच ठाऊक होतं की आपल्या लेकीनं खोटं लिहिलं. मी इतवाऱ्याच्या रस्त्यानं जायचंच बंद केलं.

पुढच्या जानेवारीत कोंडाबाई गेली. सुनेचा सकाळी फोन आला. मी गाडी करून निघाले आणि निघताना वजिराबादच्या दुकानातून एक हिरवं लुगडं घेतलं, पिशवीत खाली दडवून ठेवलं. न जाणो, नाहीच आलं तर. वाटेत मला माझीच लाज वाटत होती. मी कोण तिची, आणि माझ्या लुगड्यानं तिचं काय होणार होतं. पण रिकाम्या हातानं जाववेना.

पोचले तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. आंघोळ घालून झाली होती. बायका बसल्या होत्या आणि सगळ्यांचे डोळे वाटेकडं होते. माहेरचं गाव जेमतेम सहा किलोमीटर, तरी तास झाला, दीड तास झाला. कुणीतरी हळूच म्हणालं की भुजंगराव येतील ना? मी पिशवी पोटाशी धरून बसले होते. मग जीप दिसली. भुजंग उतरला, हातात हिरवं लुगडं, बांगड्या, कुंकवाची पुडी. अक्का म्हणून त्यानं जो हंबरडा फोडला तो खोटा नव्हता. लुगडं तिच्या अंगावर घातलं, आणि मी पिशवीचं तोंड घट्ट आवळलं.

सगळं उरकल्यावर तो माझ्याजवळ आला. मी कोण हे त्याला सुनेनं सांगितलं असावं. धिप्पाड माणूस, रडून डोळे सुजलेले. हात जोडले आणि म्हणाला, "तुमची पोरगी लई हुशार हाय, बाई. तिच्या लिहिण्यात एक शब्द चुकीचा नव्हता."

त्याला ठाऊक असणारच की. अंगठा त्यानंच घेतला होता. मग लिहून का घेतलं, एवढंच मला विचारता आलं. तो म्हणाला की शिवमचं लग्न ठरून राहिलं होतं, पाहुण्यांच्या कानावर गेलं होतं, गावात तोंड दाखवायला कागद लागत होता. आणि अक्कालाही तेच हवं होतं ना. यात राग नव्हता, फुशारकी नव्हती. विहिरीला पाणी लागलं का नाही ते सांगावं तसं सांगितलं आणि माणसांत जाऊन बसला. म्हणजे ते सगळं खरं आहे हे बहिणीला ठाऊक होतं, भावाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. खोटी ठरली ती एकटी सादिया.

परतताना मी तिला फोन केला. तिनं आधी विचारलं, लुगडं आलं का? आलं म्हणाले. कोणतं? हिरवं. बरं झालं, म्हणाली. मी म्हणाले, आता ती गेली, आता मी विद्यापीठाला सगळं लिहून कळवते. ती म्हणाली, "ती गेली म्हणून शब्द जात नाही ना, मॅडम." मी गयावया केली, निदान अब्बांना तरी सांगू दे. त्यावर ती रडायला लागली, पहिल्यांदाच. अब्बांना सांगा, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी निबंधाचा गठ्ठा घेऊन इतवाऱ्यात गेले. लातूरहून प्रुफं परत आली होती, तशीच दोऱ्यानं बांधून घरात पडून होती. जिलानीभाई चिकटवलेले पुठ्ठे दाबात ठेवत होते. मला बघून उठले, स्टूल पुसून दिलं. वरच्या फळीवर ते मरून रेक्झीन अजून तसंच गुंडाळलेलं होतं. मी तोंड उघडायच्या आधी त्यांनी हात जोडले. म्हणाले, "मॅडम, आमच्या पोरीनं तुमचं नाव खराब केलं. मी कित्येक महिने यायचं म्हणून राहिलो, पण तोंड नव्हतं. माफ करा."

हे ऐकून जमीन दुभंगावी असं म्हणतात, ती काही दुभंगत नाही. मी स्टुलावर बसले आणि सांगितलं. पोरीनं खोटं लिहिलं नव्हतं, अक्षरन् अक्षर खरं होतं. एका म्हाताऱ्या बाईचं माहेर तुटू नये म्हणून तिनं स्वतःला खोटं ठरवून घेतलं. बाई गेली, लुगडं आलं. सगळं सांगितलं. फक्त एका ठिकाणी माझी जीभ अडली. बाईचं नाव पुस्तकात चुकून छापलं गेलं, असं म्हणाले. कुणाकडून ते नाही म्हणाले.

ते ऐकता ऐकता शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होते. शेवटी विचारलं, "मतलब, सादिया सच्ची थी?" मी म्हणाले, हाव. त्यांनी दोनदा मान हलवली आणि गठ्ठा मागून घेतला. म्हणाले, प्रबंध नाही तर नाही, एवढं तरी बांधून ठेवतो, घरात राहील. स्टूल ओढून वर चढले, रेक्झीन काढलं, धूळ झटकली. मग गठ्ठ्याचा दोरा सोडला, पानं टेबलावर ठोकून सारखी केली आणि सवयीनं एकेक पान अंगठ्यानं उलटून क्रम बघायला लागले.

शेवटच्या पानावर हात थांबला. ते पान टाइप केलेलं नव्हतं. निळ्या शाईत हातानं लिहिलेलं होतं, वर ऋणनिर्देश, खाली पूर्ण नाव आणि गाव. मी ते गठ्ठ्यातून काढायचं विसरले होते. पंधरा वर्षं त्यांनी माझ्या अक्षरावरून सोनेरी अक्षरं जुळवली होती. त्यांनी पान वाचलं, पुन्हा एकदा वाचलं.

ते माझ्याकडं बघतील म्हणून मी थांबले. त्यांनी बघितलं नाही. ते एक पान गठ्ठ्यातून वेगळं काढलं, दोन्ही हातांनी माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "ये आपका है, मॅडम." मग बाकीची पानं छातीशी धरून आत शिवायला घेऊन गेले.